अलाइनमेंट

तळेगाव-चाकण रस्त्यावर टायरच्या दुकानांच्या पाट्यांवर एक शब्द हमखास दिसतो, 'व्हील अलाइनमेंट'. त्यामुळे मुलाने एका रविवारी रात्री जेवताना विचारलं, "अम्मी, तुझं अलाइनमेंट काय असेल?" तेव्हा मला वाटलं, स्कूटीबद्दल विचारतोय. मी म्हटलं, "मागच्याच महिन्यात पंक्चर काढलंय." तो पोट धरून हसला.

तो दहावीत आहे. रविवारी दुपारी पाच मित्र कुणाच्या तरी फ्लॅटवर जमतात आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. स्क्रीन नाही, बटणं नाहीत. एक मुलगा गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी योद्धा. अडलं की फासे टाकायचे. मोबाइलपेक्षा बरं, म्हणून मी खूश होते. पण खेळायला बसण्याआधी प्रत्येकाने आपल्या पात्राच्या कागदावर एक गोष्ट लिहायची असते: हे पात्र मुळात कसं आहे? यालाच ते 'अलाइनमेंट' म्हणतात. मराठीत मी त्याला 'नैतिक कल' म्हणेन.

हा खेळ 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी काढला. तेव्हा तीनच कल होते: नियम, तटस्थता आणि अनागोंदी. ही कल्पना त्यांनी पॉल अँडरसन, मायकल मूरकॉक अशा लेखकांच्या कादंबऱ्यांतून उचलली होती. 1977 मध्ये त्यात चांगलं-वाईट आलं आणि 1978 च्या पुस्तकात नऊ घरं झाली. आडव्या ओळीत नियमाने चालणारा, मधला आणि नियम न मानणारा. उभ्या ओळीत भला, मधला आणि दुष्ट. म्हणजे एखादा 'लॉफुल गुड', नियम पाळणारा आणि भलाही. एखादा 'केऑटिक गुड', नियम मोडेल पण कुणाचं भलं करायला. आणि एखादा 'लॉफुल इव्हिल', एकही नियम न मोडता माणसाला संपवणारा.

कागदावरची ही नऊ घरं बघून मी जेवायची थांबले. वीस वर्षं शाळेत शिकवतेय. 'शिस्त' आणि 'चांगुलपणा' हे शब्द आम्ही प्रगतिपुस्तकात एका दमात लिहितो. रांगेत उभा राहतो, वही पूर्ण आहे, म्हणजे मुलगा चांगला. इथे खेळण्यातल्या कागदाने त्या दोन गोष्टी सरळ वेगळ्या काढून ठेवल्या होत्या.

अब्बा पिंपरीत एका कंपनीत कामाला होते. ते एक किस्सा नेहमी सांगायचे. युनियनची बोलणी फिसकटली की संप न करता 'वर्क टू रूल' करायचं. म्हणजे प्रत्येक नियम अक्षरशः पाळायचा. मशिनचं प्रत्येक गार्ड तपासायचं, प्रत्येक फॉर्म भरायचा, सहीशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. दोन दिवसांत उत्पादन निम्म्यावर. नियम एकही मोडलेला नाही आणि साहेब लोक मात्र डोकं धरून बसलेले. अब्बा म्हणायचे, कारखाना नियमावर चालत नाही, माणसांच्या समजुतीवर चालतो. मुलाला हे सांगितलं तर तो विचारात पडला. "मग आजोबा लॉफुल की केऑटिक?" मलाही उत्तर देता आलं नाही.

मग त्याने माझ्यावर मोर्चा वळवला. "अम्मी, तू पक्की लॉफुल गुड." मला ते टोचलं, कारण एक गोष्ट त्याला माहीत नव्हती.

2007 चा जून. मी नोकरीत नवीन होते. प्रवेशाचं टेबल माझ्याकडे दिलेलं. मराठवाड्यातून आलेला एक माणूस आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आला. बाप चाकणमध्ये एका कारखान्याच्या बांधकामावर होता, राहणं पत्र्याच्या शेडमध्ये. मुलाला उर्दू वाचता येत होतं, मी वाचून घेतलं होतं. पण आधीच्या शाळेचा दाखला नव्हता. मी म्हटलं, "दाखला आणा, मग घेऊ." बाप म्हणाला, "मॅडम, गावाला जाऊन यायचं म्हणजे चार दिवसांची हजेरी बुडते." मी म्हटलं, "नियम आहे." तो मुलाचा हात धरून गेला. परत आला नाही. मी त्या दिवशी कुणाशी वाईट वागले नाही, आवाज चढवला नाही, लाच मागितली नाही. एका मुलाची शाळा मात्र सुटली असेल तर ती माझ्या टेबलावर सुटली.

पुढे शिक्षण हक्क कायदा आला, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यात स्पष्ट लिहिलंय की वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून अडवताही येणार नाही. म्हणजे मी जे नियम म्हणून केलं, तेच तीन वर्षांनी नियमाविरुद्ध ठरलं. मी तीच, टेबल तेच. नऊ घरांत त्या दिवशीची मी कुठे बसते, हे मला आता कळतं: नियमाची आणि मधली. 'भली' या घरात नाही.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला एक गंमत रोज दिसते. मराठीत 'कायदा' म्हणजे सरकारचा नियम. उर्दूत कायदा म्हणजे तो अर्थ आहेच, पण लहान मुलाच्या हातात पहिलं दिलं जाणारं अक्षरांचं पुस्तक, त्यालाही आम्ही कायदाच म्हणतो. मदरशात, घरात, 'बच्चा अभी कायदा पढ रहा है' असं म्हणतात. कायदा शिकल्याशिवाय पुढचं काही वाचता येत नाही. पण आयुष्यभर कायद्यावरच थांबलेल्या मुलाला वाचता येतं असं कुणी म्हणत नाही. त्या जूनमध्ये मी कायद्याच्याच पुस्तकावर बोट ठेवून बसले होते.

पुढच्या रविवारी मुलगा तोंड पाडून घरी आला. त्याचं पात्र 'पॅलादिन' आहे, म्हणजे शपथ घेतलेला धर्मनिष्ठ योद्धा. जुन्या नियमांत पॅलादिनने जाणूनबुजून दुष्कृत्य केलं तर त्याची शक्तीच जायची. त्यांनी गॉब्लिन नावाच्या राक्षसांची टोळी हरवली होती. गुहेत आत गेले तर टोळीची पोरं. मित्र म्हणाला, "पुस्तकात गॉब्लिनपुढे इव्हिल लिहिलंय. संपवून टाक, मोठे होऊन तेच करणार." ह्याने हात आखडला. वाद झाला, खेळ अर्धवट थांबला.

"अम्मी, माझ्या पात्राचा कल मी कसा वागतो त्यावर बदलतो. खेळ चालवणारा तो बदलू शकतो. मग त्यांचा कल जन्माच्या आधीच कसा लिहिलेला?"

मी त्याला कपाटातून लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' काढून दिलं. इंग्रजांनी 1871 साली 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. कुणी चोरी केली का, हा प्रश्नच नव्हता. अमुक जमातीत जन्मलास, म्हणजे गुन्हेगार. नावाची नोंद, पोलिसांकडे हजेरी, गावाबाहेर जायला परवानगी. सोलापुरात तर तारांचं कुंपण घातलेली वसाहत होती. 31 ऑगस्ट 1952 ला हा शिक्का पुसला गेला, म्हणून त्या जमाती 'विमुक्त'. कागदावरून पुसला, लोकांच्या मनातून नाही, हे ते पुस्तक वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी मुलाला एवढंच म्हटलं, "तुमच्या पुस्तकात गॉब्लिनपुढे जे लिहिलंय, ते आपल्याकडे खऱ्या माणसांपुढे लिहिलं होतं. आणि तोही कायदाच होता."

आम्हाला हे नवीन नाही. फ्लॅट शोधताना एका मालकाला माझं बोलणं आवडलं, नोकरी आवडली. नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "तुम्ही चांगल्या आहात हो मॅडम, पण..." त्या 'पण'नंतरचं वाचकांपैकी अनेकांना पाठ आहे. पण तक्रार इथेच संपवली तर ती अर्धवट राहील. भंगाराच्या गोदामांतून, परप्रांतीय वस्तीतून येणाऱ्या पोरांबद्दल स्टाफरूममध्ये "ही अशीच असतात" हे वाक्य मीही बोललेय. मालकाच्या 'पण'मध्ये आणि माझ्या 'अशीच'मध्ये काय फरक आहे?

आपल्याकडे लहानपणी शिकवतात की दोन खांद्यांवर दोन लिहिणारे फरिश्ते असतात. ते माणसाने केलेलं लिहितात. जात, वस्ती, खानदान बघून पान आधीच भरून ठेवत नाहीत. हिशेबाची ही साधी रीत आपण माणसांना लावायला विसरतो.

खेळ काढणाऱ्या कंपनीलाही हे उमगायला वेळ लागला. 2020 मध्ये त्यांनी जाहीर केलं की ऑर्क आणि ड्राउ यांना आता जन्मजात दुष्ट न दाखवता इतर लोकांसारखे गुंतागुंतीचे दाखवू. काही जुने खेळाडू चिडले. सगळेच भले निघाले तर लढायचं कुणाशी? मला वाटतं, लढावं त्याच्याशी, जो समोर काही करतोय. नऊ घरं मला आवडली, कारण ती माणसाला स्वतःला विचारायला लावतात. दुसऱ्याच्या कपाळावर चिकटवायला घेतली की तोच कागद 1871 चा होतो.

तिसऱ्या रविवारी मुलाच्या पॅलादिनने पोरांना गुहेबाहेर सोडलं. बाकीचे खजिन्याकडे पुढे निघून गेले, ह्याच्या वाट्याला काही आलं नाही. "पुढे मोठी होऊन त्यांनी हल्ला केला तर?" मी विचारलं. "तेव्हा बघू," तो म्हणाला.

परवा भावाची गाडी घेऊन चाकणला गेले होते. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी डावीकडे ओढत होती. टायरवाल्याने चाकावरून हात फिरवला. एका बाजूने टायर घासला होता. "मॅडम, खड्ड्यांतून चाललं की हलतंच. पाच हजार किलोमीटरला दाखवत जा."

यंदाही जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर मीच बसणार आहे.