लॅपटॉपची नाडीपरीक्षा

निदानावांचून चिकित्सा करूं नये, हा वैद्यकाचा नियम यंत्रांसही लागू पडावा असें आमचें मत आहे; परंतु यंत्रांचे वैद्य हल्लीं निदानाआधींच अंत्यविधीच्या तयारीस लागतात. आमचा लॅपटॉप गेल्या महिन्यांत सुरू होईनासा झाला, तेव्हां दुकानदारानें तो उघडूनही न पाहतां 'मदरबोर्ड गेला, नवा घ्या' असा निकाल दिला. नवा घेण्यास आमची ना नव्हती. पण आजोबांच्या मोडी पत्रांचें जें बाळबोध लिप्यंतर आम्ही करीत आहों, त्यांतील शेवटचीं चाळीस पत्रें त्या यंत्रांतच होतीं. घरच्या मंडळींनीं हें बोलून दाखविलें नाहीं. मात्र त्या संध्याकाळीं चहा न मागतां दोनदां आला.

आम्ही स्वतःच निदानास बसलों. अष्टविध परीक्षेपैकीं नाडी व जिव्हा यंत्रास नाहींत. शब्द, स्पर्श, दृक् आणि आकृति या चार चालतात. कळ दाबून दिवाच लागत नसेल, तर वीज कोठें अडली तें पाहावें. पडद्यास दोष देणें व्यर्थ. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा, तर अंधाऱ्या खोलींत विजेरीचा झोत त्यावर तिरपा टाकावा. अंधुक अक्षरें दिसलीं तर यंत्र जिवंत आहे, पडद्यामागचा उजेड तेवढा गेला असें समजावें. आम्हांस अक्षरें दिसलीं नाहींत.

शब्दपरीक्षा सर्वांत मौजेची. चालू होतांच संगणक स्वतःची प्रकृति तपासतो. १९८१ सालच्या आयबीएम पीसींतही ही सोय होती. पडदा उजळण्यापूर्वींच कांहीं बिघडलें, तर तक्रार सांगावी कशी? म्हणून तो शिटी वाजवितो. प्रत्येक कारखानदाराची सांकेतिक भाषा मात्र निराळी, आणि कित्येक नवीं यंत्रें शिटीऐवजीं दिवाच मिचकावतात. आमच्या यंत्राच्या शिट्यांचा अर्थ पुस्तिकेंत 'स्मृतिदोष' असा निघाला.

ही स्मृति म्हणजे रॅम. वीज गेली कीं ती पुसली जाते. लिहिलेलें राहतें तें निराळ्या साठ्यांत, आणि पुष्कळ लॅपटॉपांतून तो साठा काढून दुसऱ्या यंत्रास जोडतां येतो. म्हणजे मदरबोर्ड खरोखरीच गेला असता तरी पत्रें बहुधा वांचलीं असतीं! दुकानदारानें हें एक वाक्य सांगितलें असतें, तर आमची रात्रीची झोंप वांचती.

चार्जर व बॅटरी सोडवून, कळ अर्धा मिनिट दाबून धरून, उरलीसुरली वीज आम्ही घालविली. रॅमची पट्टी काढून तिची कड मऊ कोरड्या फडक्यानें पुसली व पुन्हां घट्ट बसविली. पडद्यावर प्रथम कारखान्याचें चिन्ह आलें, मग पत्रें. एकतिसाव्या पत्रांतील दुसऱ्या ओळीचा एक शब्द तेवढा अद्यापि लागलेला नाहीं.