आमच्या गावचा पट

धानाची कापणी आटोपली, खळी रिकामी झाली, की आमच्या गावी शंकरपटाची चाहूल लागे. आमचे गाव त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. एकेक धाव काही क्षणांची. परंतु त्या क्षणांसाठी घरोघरी पाहुण्यांच्या पंगती बसत. सासरी गेलेल्या लेकी पटाला म्हणून माहेरी येत, सोयरिकी जुळत, आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत रंगे. कोणती जोडी जिंकली हे माझी आजी कधीच विचारीत नसे. कोण कोण आले, एवढेच विचारी.

एकदा शर्यतीनंतर मी एका बैलाजवळ गेलो. आरेच्या टोचणीने त्याची पाठ रक्ताळली होती. त्या रात्री नाटकात माझे मन रमले नाही. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा मी वर्गात तिचे समर्थन केले. पण त्या हिवाळ्यात माझी थोरली बहीण माहेरी आली नाही. “पटच नाही, तर कशाला येऊ रे?” असे तिने कळविले. मला उत्तर सुचले नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये काही अटींवर शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली. आता काठी, चाबूक यांना मनाई आहे. पट भरला, बहीण आली. मी आधी बैलांच्या पाठी निरखून आलो, आणि मग तिच्या शेजारी जाऊन बसलो.