"बीपीचं दाखवायला आलोय"

मे २०२५ मध्ये टेरिटोरियल आर्मीच्या ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन तैनात करायला मंजुरी मिळाल्याची बातमी आली, तेव्हा गावातल्या पोरांनी माझा वर्दीतला फोटो स्टेटसला लावला. बरं वाटलं, खोटं का बोलू. पण त्या रात्रीही मी तीनला उठून दाराची कडी बघून आलो, हे फक्त बायकोला माहीत.

टीए म्हणजे काय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बोलावलं की वर्दी, सोडलं की घर. पगार वर्दी अंगावर असेपर्यंतच. माझी पिकअप आहे, भाजी मार्केटला जाते. २०२४ ला काश्मीरमधून आलो आणि चौथ्या दिवशी वांगी भरत होतो. रेग्युलर जवान सुट्टी संपली की पलटणीत जातो, तिथं त्याच्यासारखे चार जण असतात. मला मार्केटात सगळे एकच विचारायचे, "बर्फ लय असतो का तिकडं?"

मग डॉक्टरला का नाही दाखवलं? फौजेत मेडिकल कॅटेगरी 'शेप'वर ठरते. त्यातलं पहिलंच अक्षर 'एस', म्हणजे मनाची तब्येत. गुडघा गेला तर लोक हळहळतात, 'एस' घसरला तर कुजबुजतात. आणि कॅटेगरी लागून पुढचं बोलावणंच आलं नाही तर हप्ते कोण भरणार? ही भीती कितपत खरी, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारणं म्हणजेच सांगणं झालं ना.

घरात धाकट्या बहिणीचं लग्न जमत होतं. आई म्हणाली, "वेड्याच्या डॉक्टरकडं गेलास कळलं तर पावणं माघारी जातील. अंगारा लावू." लावला. आईला बरं वाटलं.

गणपतीच्या मिरवणुकीत शेजारी सुतळी बॉम्ब फुटला. मी पोराला घेऊन रस्त्यावर आडवा झालो. त्याचं कोपर फुटलं. लोक हसले, पोरगं रडलं. दुसऱ्या दिवशी बायकोनं १४४१६ लावून फोन माझ्या हातात दिला. टेलिमानस. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. फौजेतल्यांसाठी पुण्याला एएफएमसीत डिसेंबर २०२३ पासून त्याचाच वेगळा कक्ष आहे. मला पत्ताच नव्हता.

त्यांनी सिव्हिलला जायला सांगितलं. एक खेप बुडाली. २०१७ च्या कायद्यानं पेशंटची माहिती गुप्त ठेवायची असते म्हणे, पण केस पेपरची रांग कुठं गुप्त असते? रांगेत आमच्याच गावचे मास्तर भेटले. म्हणालो, "बीपीचं दाखवायला आलोय." ते म्हणाले, "मी पण." थोड्या वेळानं दोघंही मानसोपचाराच्या दारासमोर एकाच बाकावर बसलो होतो. मास्तरांनी चहा सांगितला.

गोळी चालू आहे, झोप चार-पाच तास लागते. बहिणीचं लग्नही झालं. पुढचं बोलावणं आलं तर मेडिकलला काय सांगायचं, ते मात्र अजून ठरत नाही. टीएवाले कुणी वाचत असतील तर इनबॉक्सला या.