यवतमाळचा कागद बाझेलला

अमरावती, सोमवार

ती. नानांस सा. न. वि. वि.

बडनेऱ्याहून पुढे रुळांच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटीच पऱ्हाटी. या पिकाचा खरा गिऱ्हाईक कायम दूरचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस आठवला. आज युरोपातल्या दुकानात टांगलेल्या सदऱ्याचा कापूस कसा पिकला, याची चौकशी जिनिव्हाहून होते. २००५ च्या सुमारास डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गरक्षण संस्थेने कपड्यांच्या कंपन्या आणि संस्था एका टेबलाशी बसवल्या, त्यातून जिनिव्हाचा ‘बेटर कॉटन’ हा उपक्रम निघाला. २०१०-११ च्या हंगामात भारतात त्याचे पहिले पीक आले. शेतकऱ्याने फवारणी आणि पाणी जपून वापरावे, त्याला शिकवणी मिळावी, कंपनीला नाव मिळावे, असा तो सौदा. सौदा वाईट नाही, पण त्यातला हिशेब पाहा. कित्येक वर्षे तिथे फक्त वजनाचा ताळा जुळवत. जितका चांगला कापूस विकत घेतला तितक्या मालावर दावा करायचा, मग प्रत्यक्ष सदऱ्यात तो धागा असो वा नसो. कापसाचा माग ठेवण्याची सोय २०२३ मध्ये आली. आणि फवारताना कुणी दगावला तर जबाबदार कोण, हा प्रश्न त्या टेबलावर कुणाच्याच वाट्याला येत नाही.

तो प्रश्न २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात उभा राहिला. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, बोंडअळीच्या धास्तीने फवारण्या वाढलेल्या. दोन ओळींतून पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्याच्या तोंडावरच तुषार येई, सदरा ओला होई आणि तोच सदरा संध्याकाळपर्यंत अंगावर राही. वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्यांत मजूर पुष्कळ होते, स्वतःचा पंपही नसलेले.

अकोला, बुधवार

ती. नानांस सा. न.

परवाच्या पत्रातले सूत पुढे ओढतो. यवतमाळात वापरलेल्या औषधांपैकी एक होते सिंजेन्टा या स्विस कंपनीचे ‘पोलो’. त्यातले डायफेन्थियुरॉन स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून बंद. पब्लिक आय या तिथल्या संस्थेने इथल्या कीटकनाशकविरोधी संघटनांबरोबर आणि बाधितांच्या संघटनेबरोबर पोलिसांचे कागद मिळवले. त्यांत ९६ विषबाधा पोलोशी जोडलेल्या होत्या, दोन मृत्यू धरून. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ कुटुंबांच्या वतीने स्विस सरकारच्या तक्रार-केंद्राकडे अर्ज गेला; तिथे तोडगा निघाला नाही. २०२१ मध्ये दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांच्या वतीने बाझेलच्या दिवाणी कोर्टात दावा लागला. कंपनीने जबाबदारी नाकारली. पण मधल्या काळात स्विस सरकारने डायफेन्थियुरॉनसह पाच घातक औषधांची निर्यात १ जानेवारी २०२१ पासून बंद केली. माझे म्हणणे एवढेच, की सीमा ओलांडून गेले ते दुःख नव्हे. युरोपातल्या वर्तमानपत्रांत छापून येते आणि विरते असे दुःख जगात पुष्कळ आहे. बाझेलला पोचला तो पंचनामा, दवाखान्याची नोंद, औषधाचे नाव लिहिलेला कागद.

तुम्ही म्हणाल, हे परदेशी संस्थांनी आपल्या शेतीत हात घालणे झाले. पण इथे त्या आपल्याला काही शिकवायला आल्या नव्हत्या, त्यांनी स्वतःच्याच देशाच्या कंपनीला आणि सरकारला जाब विचारला. दुसरा आक्षेप जुना आहे: शेतकऱ्याने हातमोजे, मास्क का घातले नाहीत? अकोल्याच्या सप्टेंबरच्या उन्हात, वाफ अंगावर असल्यासारख्या दमटपणात, रबरी पोशाख चढवून पहावे म्हणजे उत्तर मिळते. घालता न येणाऱ्या कवचावर ज्याची सुरक्षितता टांगली आहे, ते औषध बाजारात आणताना कंपनीला हे ठाऊक असायला हवे. उरतो तिसरा, सर्वांत वजनदार आक्षेप: भांडण्यापेक्षा उद्योगाशी हातमिळवणी जास्त देऊन जाते. देते खरे, पण कायद्याचे पाठबळ असेल तोवरच; आणि तो कायदा इथला हवा. स्विस बंदीने तिथून येणारे बंद झाले, इथे बनणारे नाही.

इथले सांगायचे तर नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर बंदी घातली, डायफेन्थियुरॉन त्यात होते. मुदत साठ दिवस. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम २७ खाली राज्याला त्याहून फारसे पुढे जाता येत नाही. कायमची बंदी केंद्राची. केंद्राने २०२० मध्ये २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला. त्या यादीत डायफेन्थियुरॉनचे नावच नाही. आणि मसुद्यातलीही मोजकीच पुढे २०२३ च्या आदेशात बंद झाली.

तेव्हा बाझेलला पोचला तसा कागद हाताशी हवा; त्यासाठी एक काम तुमच्यावर. आपल्या तालुक्यात कृषी केंद्र चालवणारे तुमच्या ओळखीचे आहेत. त्यांना सांगा, औषध उधारीवर द्या की रोखीने, पण पक्के बिल द्या, त्यावर औषधाचे नाव नि बॅच नंबर लिहा. आणि शेतकऱ्यांना सांगा, ते बिल हंगाम संपेपर्यंत जपा. आईस नमस्कार.