परसातला लेथ

आमच्या शहापुरातील घराच्या परसात, विहीर आणि जुनी न्हाणी यांच्या मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ आहे. येणारे पाहुणे तो पाहून क्षणभर गप्प होतात आणि मग सौजन्याने विषय बदलतात. सदतीस वर्षे महसूल खात्यात कन्नडमधून टिपणे लिहिलेल्या माणसाच्या परसात सात-आठशे किलोंचे बिडाचे यंत्र असावे, याचे नवल वाटणे साहजिकच आहे. तेव्हा आरंभीच सांगितलेले बरे : तो लेथ आमचा नव्हे, दादांचा आहे.

वडील १९६६ साली गेले. तेव्हा दादा सोळा वर्षांचे होते व आम्ही आठ वर्षांचे. दादांनी शाळा सोडली आणि एका फाउंड्रीच्या मशीन शॉपमध्ये हेल्पर म्हणून उभे राहिले. आमची शाळा, आमचे कॉलेज, आमच्या पदवीच्या वर्षीचा कोट, हे सारे त्या उभे राहण्यातून आले. १९८४ साली त्यांनी उद्यमबागेत भाड्याची शेड घेऊन स्वतःचे काम सुरू केले आणि हा लेथ जुना म्हणून विकत घेतला. तो हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करच्या कारखान्यात झालेला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते आमच्याच बेळगावात. १९१० साली ते येथून उठून कुंडल रोडला गेले आणि किर्लोस्करवाडी वसली. पुढे १९४१ मध्ये त्याच घराण्याने हरिहरला यंत्रे बनविण्यास आरंभ केला. म्हणजे बेळगावातून गेलेली विद्या फिरून दादांच्या शेडमध्ये आली, असे आम्ही एकदा मोठ्या ऐटीत त्यांना सांगितले होते. ‘‘हेडस्टॉकचं बेअरिंग आवाज करतंय, ते बघू दे आधी,’’ एवढेच ते म्हणाले. हरिहरचा तो कारखाना बंद पडूनही आता बरीच वर्षे झाली.

२०२० च्या टाळेबंदीत दादांची कामे थांबली, ती पूर्ववत झाली नाहीत. सत्तरी आलेली, गुडघे दुखणारे, आणि संगणकावर चालणारी यंत्रे चहूकडे. डिसेंबरात त्यांनी शेड सोडली. ड्रिल मशीन, ग्राइंडर गेले. लेथचे काय करायचे असा प्रश्न निघाला तेव्हा आम्ही, निवृत्तिवेतन घेणारे सुखवस्तू गृहस्थ, सहज बोलून गेलो : ‘‘दादा, मोडीत द्या की. किलोवर बरे पैसे येतील.’’

दादा काही बोलले नाहीत. मात्र त्यानंतर कित्येक दिवस त्यांचे आमच्याशी बोलणे ‘जेवण झालं काय?’ याच्या पुढे गेले नाही. वहिनींनी एकदा आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, ‘‘भाऊजी, त्या लेथवर तुमची फी निघाली नसेल, पण तुमच्या दोन्ही पोरांची बारशी आणि तुमच्या आईंचं ऑपरेशन त्याच्यावरच निघालं.’’ आम्ही त्या रात्री झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो ठरवला. चेनपुली आणि पाइपचे तुकडे यांच्या साहाय्याने लेथ परसात आला आणि ताडपत्रीखाली उभा राहिला. तो आणला खरा, पण घरात वीज सिंगल फेज, आणि त्याची मोटर थ्री-फेज, दोन हॉर्सपॉवरची.

आता कोणीही विचारील की घरालाच थ्री-फेज जोडणी का घेतली नाही? रस्त्यावरून तारा जातात. अडचण तारांची नव्हती, कागदांची होती. शहापूर सांगली संस्थानात होते त्या काळात आजोबांनी बांधलेले हे घर अद्याप सामाईक आहे. मीटर आजोबांच्या नावावर, आणि भार वाढवायचा म्हणजे सर्व वारसांची संमती हवी. त्यांतील एक पुण्यात, दोन वडोदऱ्यात, एक कॅनडात, आणि एकाने १९९७ पासून आमच्याशी बोलणे टाकलेले. ज्या माणसाने हयातभर दुसऱ्यांच्या वारसा नोंदी मंजूर केल्या त्याच्या स्वतःच्या घराची नोंद लागलेली नाही, हे येथे कबूल करावयास आम्हांला लाज वाटते. असो.

मग आम्ही विजेचा अभ्यास आरंभिला. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. आम्हांला जे उमगले ते आमच्याच भाषेत सांगतो. एका फेजच्या विजेने मोटरीत जे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते ते झोपाळ्यासारखे असते : पुढे जाते, मागे येते, पण फिरत नाही. तीन फेजांचे क्षेत्र जात्यासारखे असते. तीन बायका पाळीपाळीने खुंट्याला हात घालीत आहेत आणि जाते एकाच दिशेने गरगरत आहे, अशी कल्पना करावी. म्हणून थ्री-फेज मोटर आपण होऊन सुरू होते, आणि तिच्या ओढीत धक्के नसतात. तिला दोनच तारा दिल्या तर ती जागच्या जागी गुरगुरत राहते व तापते. मात्र तिला कोणी हाताने फिरवून दिले तर त्याच झोपाळ्यावर ती पुढे फिरतही राहते. हे आम्हांला पुस्तकात वाचून कळले. दादांना ते पन्नास वर्षांपासून ठाऊक होते. चालू मोटरीचा एक फेज गेला तर ती थांबत नाही, आतल्या आत जळते, आणि म्हणून पॅनेलमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवतात, हे उद्यमबागेतील कोणताही पोरगा सांगेल.

पहिला उपाय कॅपॅसिटरचा. हा आमच्या परिचयाचा होता. तालुक्याला असताना, रात्री गावांना एकच फेज मिळे तेव्हा शेतकरी कॅपॅसिटर लावून पंप चालवीत, आणि मग ट्रान्सफॉर्मर जळाल्याच्या तक्रारी आमच्यासमोर येत. त्या लोकांना आम्ही खुर्चीवरून पुष्कळ उपदेश केलेला. तोच उद्योग आम्ही आता एका वायरमनकडून परसात करवून घेतला. मोटर सुरू झाली, पण तिचा सूर बिघडलेला. कॅपॅसिटर एका ठराविक भाराला जुळतो; भार बदलला की तिन्ही फेजांचा तोल जातो आणि ताकदही पुरी मिळत नाही. दादा घरातून आले, मोटरीच्या अंगावर तळहात ठेवला, आणि ‘‘ताप आहे हिला,’’ म्हणून निघून गेले. त्या विषयावर ते आमच्याशी बोलले हीच आम्हांला प्रगती वाटली.

दुसरा उपाय म्हणजे आणखी एक मोठी थ्री-फेज मोटर नुसतीच फिरती ठेवायची आणि तिच्यात निर्माण होणारा तिसरा फेज लेथला द्यायचा. उपाय जुना व भरवशाचा आहे. परंतु रिकामी मोटर दिवसभर परसात घोंघावणार म्हटल्यावर घरातून विरोध झाला, आणि शेजाऱ्यांची भिंत सामाईक आहे. तो नाद आम्ही सोडला.

तिसरा उपाय व्हीएफडीचा. ही एक पेटी असते. घरची एका फेजची वीज घेऊन ती प्रथम तिची एकदिश वीज करते, आणि मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून तीन फेज कातून काढते. (‘कातून’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला, दादांना आवडला.) पेटी दहा-अकरा हजारांत आली. पण येथे खरी मेख निघाली. पेटीत २३० व्होल्ट घातले तर तीन फेज मिळतात तेही २३० चेच. मोटरीच्या पाटीवर तर ४१५ लिहिलेले. आम्ही खचलो. तेव्हा मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या एका वृद्ध कारागिराने, जो दादांचा जुना स्नेही निघाला, आम्हांला स्टूलवर बसवून स्टार आणि डेल्टा समजावले. स्टार जोडणीत तिन्ही गुंडाळ्यांची एकेक टोके मध्ये एकत्र बांधलेली असतात, त्यामुळे ४१५ व्होल्ट दोन गुंडाळ्यांत वाटले जाऊन प्रत्येकीच्या वाट्याला ४१५ भागिले १.७३२, म्हणजे जवळजवळ २४० येतात. गुंडाळीला आजवर मिळत होते ते मुळात २४०च! ती गाठ सोडवून तिघींना त्रिकोणात जोडले की २३०-२४० व्होल्टांवर मोटर पुऱ्या ताकदीने चालते; फक्त प्रवाह १.७३२ पटीने वाढतो. आमच्या मोटरीची गाठ आत गुंडाळीतच पुरलेली होती. त्याने मोटर उघडली, गाठ शोधली, सहा टोके बाहेर काढली. मजुरी विचारली तर म्हणाला, ‘‘त्यांना सांगा, एकदा चहाला येतो.’’ साऱ्या उद्योगात आम्हांला इतका आनंद दुसऱ्या कशाने झाला नाही.

पेटी प्रथम जोडली तेव्हा सगळे घर अंधारले. असल्या पेट्यांतून थोडा प्रवाह अर्थिंगकडे झिरपतो आणि घराचा गळतीरक्षक स्विच तो अपघात समजून पडतो. वायरमनने मीटरपासून स्वतंत्र जाड वायर ओढली, तिला योग्य जातीचा स्विच लावला. परसात खड्डा खणून कोळसा-मीठ घालून नवे अर्थिंग केले. या खर्चाचा आकडा घरात आम्ही अद्याप सांगितलेला नाही.

आणि मग ती सकाळ. दादा वहिनींबरोबर देवळात गेले आहेत, परत येईपर्यंत चालू करून ठेवावा, असा आमचा बेत. ताडपत्री काढली, बेड पुसला, तेल दिले. पेटीचे बटण दाबले. चक फिरू लागला. इतका शांत फिरला की आमचे डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांना तो उलटा फिरतो आहे हे दिसले नाही.

‘‘बंद कर! उलटं फिरायलंय ते! बाजूला हो आधी!’’

दादा दारात होते. हातातला प्रसाद तसाच. आम्ही बटण दाबले. ते गुडघ्यांची पर्वा न करता आले, चकला हात लावून पाहिला. तो पाऊण आटा सैल झाला होता. या जुन्या लेथवर चक आट्यांवर बसवलेला असतो. सरळ फिरताना तो आवळत जातो, उलट फिरवला तर सुटतो, आणि सुटलेला वीस-पंचवीस किलोंचा चक कुठे जाईल ते सांगता येत नाही. आमचे हातपाय गार पडले. दादा थरथरत होते, रागाने की भीतीने ते कळेना.

‘‘मला विचारायचं नाही? मला?’’ ते म्हणाले. ‘‘एवढं सगळं केलंस आणि मला विचारायचं नाही?’’

आम्हांला उत्तर सुचले नाही. वहिनींनी त्यांच्या हातून प्रसाद घेतला आणि दोघांना आत बोलावले. कोणी गेले नाही. थोड्या वेळाने दादांनी विचारले, ‘‘यातल्या दोन तारा बदलल्या की सरळ फिरतंय ना?’’ फिरते. पेटीतून मोटरीकडे जाणाऱ्या तीनपैकी कोणत्याही दोन बदलायच्या. आम्ही झाकण काढायला निघालो तर त्यांनी हात धरला. वीज बंद केल्यावरही पेटीच्या पोटात ती काही मिनिटे साठून राहते, असे पुस्तिकेत लिहिले आहे. ते त्यांनी वाचले होते. आम्ही पुस्तिका दिवाणखान्यात टाकून ठेवीत असू, आणि ते रात्री वाचीत.

त्यानंतर काम त्यांच्या हाती गेले. उलटी दिशा पेटीतूनच बंद केली. ब्रेक लावल्यासारखे एकदम थांबवले तरी चक सैल होतो म्हणून थांबण्याचा वेळ आठ सेकंद ठेवला. गतीचे बटण फिरवून बेल्ट न बदलता वेग कमी करता येतो, हे आम्ही कौतुकाने दाखवले. दादा म्हणाले, कमी वेगात मोटरीचा पंखाही मंद होतो, ती तापेल, आणि जाड कापाला जोर मिळणार नाही. बेल्ट बदलायचा आळस नको. जुन्या पॅनेलची हिरवी-लाल बटणे मात्र त्यांनी काढू दिली नाहीत. आता त्यांच्या मागून मोटरीची वीज जात नाही, पेटीला हुकूम देणाऱ्या दोन बारीक तारा जातात. पण हात जिथे जायचा तिथेच जातो.

पहिले काम निघाले ते घरचेच : विहिरीच्या रहाटाचा झिजलेला बुश. पितळेचा तुकडा, चष्मा, मायक्रोमीटर. आम्ही स्टूलवर बसून पाहत होतो. तीन काप झाल्यावर दादांनी न वळता विचारले, ‘‘तेव्हा मोडीचा दर काय होता रे किलोला?’’

आम्ही सांगितला. त्यांनी मनाशी गुणाकार केला असावा. मग हिरवे बटण दाबून चौथा काप घेतला.

बुश बसला. रहाट आता कुरकुरत नाही. त्यामुळे पहाटे पाणी कोण काढते आहे हे घरात कळेनासे झाले, अशी तक्रार आहे. मीटर अजून आजोबांच्याच नावावर आहे. कॅनडाच्या चुलतभावाचे संमतिपत्र आले. बोलणे टाकलेल्याला आम्ही गेल्या महिन्यात पत्र लिहिले आहे.