पऱ्हाटीचा धूर

आमच्या काकूंनीं यवतमाळ जिल्ह्याची हद्द उभ्या आयुष्यांत दोनदांच ओलांडली. एकदां पंढरपुरास जाण्यासाठीं आणि एकदां मुलीच्या बाळंतपणास, नागपुरास. असें असतां, हिमालय चढणाऱ्या शिपायाच्या व्यथेशीं काकूंच्या व्यथेचें नातें आहे असें डॉक्टरांनीं सांगितलें, तेव्हां आम्हांस प्रथम ती थट्टाच वाटली.

काकू दारव्ह्याकडील एका खेड्यांत राहतात. आमचा मुलूख कापसाचा. वेचणी संपली कीं पऱ्हाट्या उपटावयाच्या, मोळ्या बांधून परसांत रचावयाच्या आणि चुलींत जाळावयाच्या, ही येथली रीत. पऱ्हाटी लवकर पेटते व लवकर विझते. म्हणून चुलीपुढून उठतां येत नाहीं. लग्न होऊन आल्यापासून काकू त्या चुलीपुढें पन्नास वर्षें बसल्या. त्यांचा खोकला आम्हांस त्यांच्या बांगड्यांच्या आवाजाइतका ओळखीचा. बालपणीं पहाटे तो ऐकूं आला कीं आतां चहा होणार, असें आम्ही समजत असूं. त्याची आज लाज वाटते.

पुढें पावलें सुजूं लागलीं, ओठांवर निळसर झांक आली. ‘मले काही झालं नाई, उलसाक दम लागते,’ एवढेंच त्यांचें म्हणणें. ज्या बाईनें विडी कधीं हातांत धरली नाहीं तिला छातीचा विकार कसा, हें घरांत कोणास उमजेना. शेवटीं यवतमाळास नेलें. डॉक्टरांनीं बोटास तें चिमट्यासारखें यंत्र लाविलें (करोनाच्या सांथीपासून तें कोणत्या घरास ठाऊक नाहीं?) आणि आंकडा ८४ आला. फुप्फुसाचें दुखणें हृदयाच्या उजव्या बाजूवर गेलें होतें.

तें कसें, हें डॉक्टरांनीं कागदावर रेघा ओढून समजाविलें. शरीरांत इतरत्र प्राणवायु कमी पडला कीं रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसांत नेमकें उलट घडतें. ज्या वायुकोशांत प्राणवायु कमी, त्याच्या जवळची बारीक रोहिणी स्वतःस आवळून घेते. हा कद्रूपणा नव्हे. ओलीत करणारा गडी ज्या वाफ्यांत पीकच नाहीं त्याचें तोंड मातीनें बुजवितो आणि पाणी दुसरीकडे वळवितो. तसेंच येथें रक्त हवा असलेल्या भागाकडे वळतें. मातेच्या उदरांत असतांना बालकाच्या फुप्फुसांतील वाहिन्या अशाच आवळलेल्या असतात व पहिल्या श्वासांबरोबर त्या उघडूं लागतात. आवळण्याचा हा गुण १९४६ सालीं स्टॉकहोमच्या फॉन ऑयलर व लिल्येस्ट्रांड या दोघांनीं मांजरांवर प्रयोग करून दाखविला.

परंतु सर्वच वाफ्यांचीं तोंडें बुजलीं तर? मग पाणी पाटांतच तुंबावयाचें. लेह सुमारें ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथें श्वासागणिक मिळणारा प्राणवायु समुद्रकांठच्या सुमारें दोनतृतीयांश. फुप्फुसभर रोहिण्या आवळतात, दाब चढतो आणि कित्येकांच्या फुप्फुसांत पाणी उतरतें. १९६२ च्या युद्धाच्या वेळीं आपले जवान सपाटीवरून एकाएकीं तशा उंचीवर गेले. पुढें इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनीं १,९२५ सैनिकांच्या पर्वतविकाराचा अभ्यास १९६९ सालीं प्रसिद्ध केला.

शिपायास खालीं उतरवितां येतें. उतार हेंच त्याचें मुख्य औषध. यवतमाळ तर पांचशे मीटरही उंच नाहीं. काकूंना कोठें उतरवावें? त्यांचा पहाड त्यांच्या छातींतच होता. धुरानें श्वासनलिका सुजून अरुंद झालेल्या, वायुकोश उपाशी, रोहिण्या वर्षानुवर्षें आवळून जाड झालेल्या, आणि त्यांतून रक्त रेटतांना हृदय थकलेलें. दिल्लींत डॉ. पद्मावती यांनीं असे रोगी तपासून १९५९ सालींच चुलीच्या धुराकडे बोट दाखविलें होतें. त्यांत धूम्रपान न करणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. ही वार्ता आमच्या स्वयंपाकघरांत पोहोंचण्यास साठांहून अधिक वर्षें लागलीं. मध्यंतरीं गॅस आला होता, पण तो चहापुरता व पाहुण्यांपुरता. भाकर चुलीचीच गोड, हें आम्हीच ताटावर बसून म्हणत आलों.

आतां काकूंच्या नाकाशीं प्राणवायूची नळी आहे. ती दिवसांतून निदान पंधरा तास हवी. त्यानें असे रोगी अधिक जगतात हें ब्रिटनमध्यें १९८१ सालीं सिद्ध झालें. यंत्र विजेवर चालतें व खेड्यांतील वीज मर्जीवर. म्हणून एक भरलेला सिलिंडर उशाशीं उभा असतो. आंकडा ९१ पर्यंत येतो. सूज बरीच उतरली.

मात्र प्राणवायूजवळ विस्तव चालत नाहीं. चूल परसाच्या टोंकास गेली, तेव्हां काकू दोन दिवस कोणाशीं बोलल्या नाहींत. नळी माजघराच्या दारापर्यंत पुरते, पुढें नाहीं. काकू तेथवर येऊन उंबरठ्याशीं बसतात आणि पलीकडे गॅसपाशीं असलेल्या सुनेस सांगतात, ‘थोडी पातळ थाप, अन् आच कमी कर.’