एका मणक्याची साक्ष

कोल्हापुराहून पन्हाळ्याचा घाट चढू लागले की काळा कातळ सोबतीला येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्याचे हे थर. या थरांत सापाची हाडे शोधू पाहणारा वेडाच म्हणायचा!

पण मला तेच वेड लागले होते. म्हणून शहरातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठले. काचेच्या कपाटात धामणीचा सांगाडा होता.

"कवटीकडे काय पाहता? मणके पाहा," ते म्हणाले. "सापाच्या कवटीची हाडे नाजूक आणि सैल, मेल्यावर विखुरतात. मणके मात्र शेकड्यांनी आणि घट्ट. कोट्यवधी वर्षांनी हाती लागतात ते बहुधा तेच."

त्यांनी एक सुटा मणका माझ्या तळहातावर ठेवला. पुढे वाटी, मागे गोटी. एकाची गोटी दुसऱ्याच्या वाटीत. शिवाय पुढच्या अंगाला, मज्जारज्जूच्या भोकावर, एक पाचर. ती आधीच्या मणक्याच्या मागल्या खाचेत बसते. म्हणून साप हवा तसा वळतो, पण पिळवटत नाही. काही सरड्यांतही अशी पाचर असते. तेव्हा एका खुणेवर न विसंबता सगळी घडण पाहावी लागते.

"मग आम्ही शोधायचे कोठे?"

"कातळाखाली! चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याकडे, पिसदुऱ्याला जा."

तिथे लाव्ह्याआधीचे, डायनोसॉरांच्या काळातले थर उघडे पडले आहेत. तिथल्याच मणक्यांवरून धनंजय मोहबे आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २०११ साली एका लुप्त सापाला 'मॅडट्सोइया पिसदुरेन्सिस' हे नाव दिले. या कुळाची ओळख म्हणजे मागल्या खाचेशेजारची बारीक छिद्रे. याचे भाऊबंद मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेत सापडतात. हे भूखंड एके काळी जोडलेले होते, त्याची ही साक्ष!

मणका लांबीचाही अंदाज देतो. कच्छमधल्या पानंध्रोच्या खाणीत मिळालेल्या २७ मणक्यांवरून 'वासुकी इंडिकस' २०२४ साली जगापुढे आला. तो ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. मणक्यांच्या रुंदीवरून त्याची लांबी ११ ते १५ मीटर धरतात.

पिसदुऱ्याचे जीवाश्म शेतांतच पडलेले असतात. दगड वेचून बांधावर टाकावेत, ही शेतकऱ्याची जुनी रीत. त्यात त्याचा दोष नाही. पण त्या ढिगात एखादा मणका गेला, तर एक सापाची जात दुसऱ्यांदा नाहीशी होईल, आणि ती होती हे सांगायला मागे कोणीच उरणार नाही.